सोलमधलं चोई ग्यू-हा यांचं घर: आवर्जून बघा

सोलला गेलात तर होंगदे या तरुणाईच्या भागाच्या गजबजाटाजवळच सोग्यो-दोंगमधलं हे दुमजली घर चुकवू नका. चोई हे दक्षिण कोरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष, मूळचे मुत्सद्दी. 1967 ते 1971 परराष्ट्रमंत्री, पुढे पंतप्रधान. 26 ऑक्टोबर 1979 ला राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांची हत्या झाली आणि देश अचानक चोईंच्या हाती आला. आधी हंगामी, मग डिसेंबरात रीतसर निवड. पण सहाच दिवसांत सेनाधिकारी चुन दू-ह्वान यांचा लष्करी उठाव! ऑगस्ट 1980 मध्ये राजीनामा देऊन चोई याच घरी परतले आणि 2006 मध्ये निधन होईपर्यंत इथेच राहिले.

मला सगळ्यात भिडली ती कोळशाच्या विटांवर चालणारी शेगडी. खाणकामगारांना शब्द दिला होता म्हणून त्यांनी ती शेवटपर्यंत वापरली. राष्ट्राध्यक्षाच्या घरी इतका साधेपणा! मला तरी मनापासून आदर वाटला.

एकच खंत. मे 1980 मध्ये ग्वांगजू शहरात लष्कराने लोकशाहीसाठीचं आंदोलन चिरडलं, त्याबद्दल ते चुन यांच्यावरच्या 1996 च्या खटल्यातही बोलले नाहीत, आणि घर बघताना तो प्रश्न डोक्यातून जात नाही. जाण्याआधी 1979-80 चा इतिहास थोडा वाचून घ्या, नाहीतर नुसतं जुनं फर्निचर दिसेल. सोमवार टाळा.