अपाचे मॉड्यूलमधून १०३ अर्ली हिंट्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

१०३ अर्ली हिंट्स म्हणजे अंतिम उत्तर तयार होण्याआधी, कोणत्या फाइल्स लागतील ते ब्राउझरला सांगणारं मधलं उत्तर. अपाचे २.४ या वेब सर्व्हरच्या कस्टम मॉड्यूलमध्ये ते पाठवायला 'एपी_सेंड_इंटरिम_रिस्पॉन्स' हे फंक्शन काही महिने प्रॉडक्शनमध्ये वापरतोय. काम चोख करतं, पण हँडलरमधून (विनंतीचं उत्तर तयार करणाऱ्या फंक्शनमधून) ते थेट कॉल करू नका. आधी रॅपर, म्हणजे त्याला गुंडाळणारं छोटं फंक्शन, लिहा.

दुसरं आर्ग्युमेंट १ दिलं की ते 'हेडर्स_आउट' या उत्तराच्या हेडरांच्या टेबलमधले सगळे हेडर पाठवतं आणि टेबल रिकामं करून टाकतं. आधीच्या एखाद्या हुकने (ठरावीक टप्प्यावर अपाचे चालवतो त्या फंक्शनने) तिथे कॅशे-कंट्रोल ठेवलं असेल तर ते १०३ सोबत निघून जातं, अंतिम २०० उत्तरात दिसतच नाही. लॉगमध्ये चकार शब्द नाही. ('एरर_हेडर्स_आउट' या हेडरांच्या दुसऱ्या टेबलला मात्र हात लागत नाही.) म्हणून रॅपरमध्ये जुनं टेबल बाजूला ठेवायचं, नवं रिकामं टेबल लावून त्यात फक्त लिंक हेडर (लागणाऱ्या फाइल्सचे पत्ते देणारे) टाकायचे, स्टेटस १०३ आणि 'स्टेटस_लाइन' नल करायची, कॉल करायचा आणि तिन्ही गोष्टी होत्या तशा करायच्या. स्टेटस पूर्ववत करायचं राहिलं तर अंतिम उत्तरही १०३ म्हणूनच जातं; मग क्लायंट त्यामागची बॉडी पुढच्या उत्तराची स्टेटस लाइन म्हणून वाचायला जातो आणि सगळं बिनसतं.

एचटीटीपी १.० च्या क्लायंटसाठी वेगळी तपासणी नको, फंक्शन स्वतःच गप्प परत येतं.

खरी डोकेदुखी एचटीटीपी/२ वर. तिथे १०३ पुढे जाऊ देणारं 'एच२अर्लीहिंट्स' हे डायरेक्टिव्ह (अपाचेची सेटिंग) मुळातच ऑफ असतं आणि क्रोम तर १०३ फक्त एचटीटीपी/२ किंवा ३ वरच मानतो. त्यामुळे कर्लला (कमांड लाइनवरच्या क्लायंटला) एचटीटीपी १.१ वर १०३ छान दिसतो, ब्राउझरमध्ये शून्य. डायरेक्टिव्ह ऑन करा. क्रोम पहिलाच १०३ विचारात घेतो, तेव्हा हिंट्स तुकड्यातुकड्यांनी पाठवू नका. आणि कॉल डेटाबेस क्वेरीच्या आधी हवा. पान पटकन तयार होत असेल तर या खटाटोपात फारसा अर्थ नाही.

१०० कंटिन्यू ('बॉडी पाठव' असं क्लायंटला सांगणारं मधलं उत्तर) मात्र स्वतः पाठवू नका. बॉडीचं पहिलं रीड झालं की अपाचेचा इनपुट फिल्टरच तो पाठवतो. अपलोड नाकारायचा असेल तर रीड करण्याआधीच ४०१ (ओळख पटली नाही) किंवा ४१३ (बॉडी फार मोठी) द्या. कनेक्शन बंद होईल, ते बरोबरच आहे. पण हा निर्णय झटपट हवा. कर्ल १०० ची वाट डीफॉल्टने १ सेकंदच बघतो, मग बॉडी पाठवायला लागतो. ऑथ तपासणीला (ओळख-परवानगी बघायला) त्याहून जास्त वेळ लागला तर नाकारलेल्या अपलोडचीही बँडविड्थ जाते. चाचणीत '--एक्स्पेक्ट१००-टाइमआउट' वाढवून बघा, उशीर नेमका कुठे होतोय ते लगेच कळतं.