फायबर खांबावरून न्यायची की जमिनीखालून? दोन्ही केलेल्या एका ऑपरेटरचा अनुभव

नवीन एरिया घेतोय, पण इंटरनेटची फायबर केबल विजेच्या खांबावरून न्यावी की जमिनीखाली डक्ट, म्हणजे केबलची नळी, टाकावा यावर गाडी अडलीय, असं ओळखीच्या दोघातिघांनी विचारलं म्हणून लिहितोय. माझं स्टेशनकडचं सगळं नेटवर्क खांबावर आहे आणि बाजारपेठेतलं जमिनीखाली, त्यामुळे दोन्हीकडची झोप मोडून झालीय. तुमच्या गावचं गणित वेगळं असू शकतं.

जमिनीखालची लाइन चालते तेव्हा खरंच सुख आहे. मांजा नाही, ट्रकची ताडपत्री अडकत नाही, वळवाच्या वाऱ्यात फांदी पडली तरी फोन वाजत नाही. पेठेत पहिली दोन वर्षं मी त्या बाजूला शिडी घेऊन गेलोच नाही.

मग एका जुलैत गटाराच्या कामाला जेसीबी आला आणि डक्टसकट फायबर ओढून गेला. ओटीडीआर, म्हणजे फायबर किती अंतरावर तुटलंय ते दाखवणारं यंत्र, लावला, दहा मिनिटांत किती मीटरवर ते कळलं, म्हणजे तुटलंय कुठे ते मला पक्कं माहीत, पण तिथे खड्डा घ्यायला परवानगी पाहिजे आणि पावसाळ्यात रस्ता खोदू देत नाहीत. अर्ज घेऊन तीनदा गेलो, तिन्ही वेळा उत्तर तेच, पाऊस संपल्यावर या. मी त्या जागेवर उभा आणि खाली तीन फुटांवर माझी तुटलेली केबल, वर दुकानदार विचारतायत कार्ड मशीन कधी चालू होणार. अकराव्या दिवशी कामापुरती परवानगी काढून वरून खांबावरूनच केबल ओढली आणि दिवाळीपर्यंत पेठ त्याच्यावर चालली. माझं मत तिथेच फिरलं.

खांबावर तुटतं जास्त, हे मान्य. पण तुटलेलं खालून दिसतं, पोरं जातात, स्प्लायसिंग करतात म्हणजे फायबरची टोकं जोडतात, तास-दीड तासात लाइन चालू.

फक्त परवानगी घेऊनच चढा, हे कळकळीनं सांगतो. कायदा आता आपल्या बाजूनं बराच आहे. केबल टीव्हीवाल्यांना २०११ च्या दुरुस्तीनं मार्गाधिकार, म्हणजे सार्वजनिक जागेतून केबल न्यायचा हक्क, मिळाला. इंटरनेटचं लायसन्स असेल तर २०२२ च्या नियमदुरुस्तीत वीज, दिवाबत्ती वगैरेंच्या खांबावरून केबल न्यायला खांबामागे वर्षाला १०० रुपये असा दर ठरला आणि १ जानेवारी २०२५ पासून मार्गाधिकाराचे नवे नियम लागू आहेत. प्रत्यक्ष टेबलावर गेल्यावर हे सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही, त्यामुळे नियमाची प्रत सोबत ठेवा. विनापरवानगी केबल लाइनमननं कापली तर तक्रार कुणाकडे करणार?

आणि स्टीलची तार असलेली केबल विजेच्या खांबावर नकोच. एडीएसएस घ्या, ती तारेच्या आधाराशिवाय लटकणारी फायबर केबल, तिच्यात धातू नसतो. जुन्या तारेत करंट उतरलेला मी टेस्टरवर पाहिलाय, तेव्हापासून स्वस्त केबलचा विषय आमच्याकडे बंद. विजेच्या तारांपासून वीज कंपनीवाले सांगतील तेवढं अंतर सोडून खाली बांधायची, म्हणजे त्यांचा माणूस आणि आपला पोरगा दोघंही सुरक्षित.

खांबावरचा खरा त्रास म्हणजे बंद पडलेल्या केबल्स. एकेका खांबावर पाच-सहा जणांचे गुंडाळे असतात, कुठली चालू कुठली मेलेली कुणालाच माहीत नाही, आणि खांब बदलायचा झाला की प्रत्येकानं आपापली हलवेपर्यंत काम थांबतं. अमेरिकेत साध्या कामांसाठी २०१८ मध्ये नियम ठरला की नवीन येणाऱ्याचा मान्यताप्राप्त ठेकेदार सगळ्यांच्या तारा एकाच फेरीत सरकवू शकतो. असं काहीतरी आपल्याकडे यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याकडे रस्ता नव्यानं काँक्रीटचा होतोय आणि त्यात डक्ट आयता मिळतोय तर जरूर घ्या, ती संधी परत येत नाही. नाहीतर मी तरी खांबच घेईन. अर्जाला खांबांची नंबरवार यादी जोडा, आणि ती करताना स्वतः पायी फिरा. आमच्या २१२ खांबांत १९ वाकलेले किंवा बुडाशी गंजलेले निघाले, ते वगळून मार्ग बदलला आणि केबल जवळपास ४०० मीटर जास्त लागली.