महाटेंडर्स की जेम? जळगाव-धुळ्याच्या पुरवठादारासाठी

पाईप, बाक, पथदिवे असा माल स्थानिक संस्थांना विकायचा, तर मुख्य वाटा दोन: महाटेंडर्स या राज्याच्या पोर्टलवरची दोन लिफाफ्यांची ई-निविदा आणि 2016 साली सुरू झालेलं केंद्राचं सरकारी खरेदीचं जेम पोर्टल.

ई-निविदेत डिजिटल स्वाक्षरी लागते आणि बहुतेक वेळा बयाणा रक्कमही. आधी तांत्रिक लिफाफा उघडतो आणि त्यात पात्र ठरलात तरच दराचा. दरपत्रकाची एक्सेल फाईल पोर्टलवरून उतरवायची, भरायची, त्याच नावाने परत चढवायची. नाव बदललं की पोर्टल ती घेतच नाही. निविदापूर्व बैठक ठेवली असेल तर अटींवर शंका विचारता येते. ती संधी सोडू नका.

जेमवर नोंदणी सोपी, पण खरी कसोटी उलट लिलावाची. खरेदीदाराने तो लावला तर समोरचा पुरवठादार दर पाडत जातो, तुम्हीही पाडत जाता, शेवटच्या मिनिटांत दर उतरला की वेळ वाढते. इथेच नवखे फसतात. जेमवरचा दर माल पोचवून द्यायचा असतो. जळगावहून धडगावला सातपुड्याचा घाट चढून पाईप उतरवायचे तर भाडं, हमाली आधी धरा आणि खालची हद्द कागदावर लिहूनच लिलावाला बसा.

माझं मत स्पष्ट आहे: ठरलेल्या मापाचा तयार माल असेल तर जेम. बसवणी, जोडणी, देखभाल सोबत असेल तर ई-निविदाच बरी.