मर्लिनच्या नावाने भलतीच टायटॅनियम फ्रेम गळ्यात मारली, जुनी फ्रेम घेणाऱ्यांनी वाचा

मंडळी, जुनी टायटॅनियम सायकल किंवा नुसती फ्रेम कोणी ऑनलाइन घेत असाल तर पैसे पाठवायच्या आधी हे पूर्ण वाचा, प्लीज. यात फक्त पैशांचा प्रश्न नाहीये, मला जी फ्रेम आली ती उतारावर हँडलपाशी तुटली असती.

मी बॉस्टनच्या बाजूला राहते. इथे सायकलवाल्या लोकांत मर्लिन या टायटॅनियम सायकली बनवणाऱ्या कंपनीचं नाव अजून प्रेमाने घेतात कारण कंपनी इथलीच, १९८६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झाली, नव्वदच्या दशकात केंब्रिजमध्ये फ्रेम बनायच्या, आणि २००० च्या सुमारास कंपनी विकली जाऊन काम टेनेसीला गेलं. त्यामुळे केंब्रिजमध्ये बनलेल्या फ्रेमला वेगळा भाव आहे, आणि भाव आहे तिथे चोर येतातच. रंग न दिलेली, नुसती घासून मॅट केलेली राखाडी फ्रेम आणि वर नावाचे स्टिकर, एवढंच दिसतं बाहेरून. ते स्टिकर नवे छापून मिळतात. ज्यांना खरी जुनी फ्रेम नीट करायची असते त्यांच्यासाठी ती चांगली सोय आहे, पण कुठल्याही बेनामी फ्रेमवर ते चिकटवायला कोण अडवणार.

जाहिरातीत लिहिलं होतं १९९१ ची मर्लिन एक्स्ट्रालाइट (त्यांचं रोड सायकलचं मॉडेल), एकाच मालकाकडे राहिलेली, कधी पडलेली नाही, "एअरोस्पेस ६-४ टायटॅनियम". फोटो सुंदर होते. भाव बाजारापेक्षा थोडाच कमी, म्हणजे संशय येणार नाही इतकाच कमी, हे या लोकांना बरोबर जमतं. मी बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा धुरा बसतो त्या भागाच्या, खालचा सिरीयल नंबरचा फोटो मागितला तर विकणारा म्हणाला पॅक करताना काढून पाठवतो, आणि पैसे ओळखीच्या माणसाला पाठवतात त्या पद्धतीने पाठव म्हणजे फी वाचेल. बोलायला इतका गोड की काय सांगू, माझ्या उंचीला साइझ बरोबर आहे का, सीटपोस्ट किती मिमीची लागेल, सगळं स्वतःहून विचारून सांगत होता. फोटो आला नाही, खोकं आलं.

खोक्यात जी फ्रेम निघाली ती फोटोतली नव्हतीच. फोटोतल्या फ्रेमला डाउन ट्यूबवर, म्हणजे हँडलपासून पेडलकडे येणाऱ्या तिरक्या नळीवर, गिअरचे लिव्हर बसवायचे बॉस (छोटे उंचवटे) होते, हिला नव्हते. त्याला लिहिलं तर म्हणे हीच ती, फोटोचा अँगल वेगळा आहे. मग मी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) काढलं. १९९१ च्या रोड फ्रेमचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) वरच्या दांड्याला एक इंची असायचा, त्याच्या हेडसेटचे, म्हणजे तो ज्यावर फिरतो त्या बेअरिंगचे, कप हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड नळीच्या) साधारण ३० मिमीच्या भोकात बसतात. या फ्रेमचं भोक ३४ मिमी निघालं, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंची फोर्क. ते माप तेव्हा माउंटन बाइकवर यायला लागलं होतं पण रोड सायकलवर रुळायला आणखी बरीच वर्षं गेली. एवढ्या एका मापावर "१९९१" खोटं ठरतं, वाद घालायची गरजच नाही.

आणि ते ६-४ पण खोटंच. एक्स्ट्रालाइट ३-२.५ ची असते, म्हणजे टायटॅनियममध्ये ३ टक्के अॅल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियम, हे मिश्रण मुळात विमानातल्या हायड्रॉलिक नळ्यांसाठीचं. ६-४ (तसंच, ६ टक्के आणि ४ टक्के) जास्त ताकदवान पण त्याची बिनजोड नळी ओढणं फार अवघड, म्हणून बऱ्याच ६-४ फ्रेममध्ये पत्रा वळवून लांबीत वेल्ड केलेल्या नळ्या असतात. ६-४ हा आकडा मोठा दिसतो म्हणून विकणारे तो कशालाही लावतात. विक्रेता एक्स्ट्रालाइटला ६-४ म्हणाला तर एक तर त्याला माहीत नाही किंवा तो खोटं बोलतोय, दोन्हीत पैसे पाठवू नका. बॉटम ब्रॅकेटचंही बघायचं असतं, सुरुवातीच्या बऱ्याच मर्लिनमध्ये आटेच नसायचे, बेअरिंग थेट दाबून बसवलेलं असायचं, पण नंतर आट्यांच्या फ्रेमही आल्या, त्यामुळे नुसते आटे दिसले म्हणून खोटी म्हणता येत नाही.

आता खरी भयंकर गोष्ट. डाउन ट्यूबवर हेड ट्यूबच्या अगदी जवळ एक रुंद पट्ट्यासारखा स्टिकर होता, तिथे मी कधी बघितला नव्हता. हेअर ड्रायरने गरम करून सोलला. खाली नळीला वेढणारी एक जाड रेघ, कानशीने घासून सपाट केलेली, वरून सँडपेपर मारून बाकी फ्रेमसारखी मॅट केलेली, पण खालच्या बाजूला जिथे कानस पोचली नाही तिथे जांभळट निळा रंग तसाच राहिलेला. म्हणजे फ्रेम तिथे तडकली होती आणि कोणीतरी तडा वेल्ड करून वर स्टिकर लावला.

टायटॅनियम वेल्ड करणं म्हणजे स्टील वेल्ड करणं नव्हे. धातू सव्वाचारशे अंशांच्या पुढे तापला की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन आत ओढून घेतो आणि ठिसूळ होतो. म्हणून वेल्ड करताना बाहेरून आर्गॉनची चादर लागते आणि नळीच्या आतही आर्गॉन भरून हवा बाहेर काढावी लागते, वेल्ड थंड होईपर्यंत. चांगलं वेल्ड चांदीसारखं चकचकीत असतं, फार तर हलकं पिवळसर. निळं, जांभळं म्हणजे हवा शिरली. राखाडी आणि पांढरी पूड म्हणजे ते वेल्ड कापून टाकायच्या लायकीचं. बाहेरचा रंग घासून काढता येतो, आतला नाही, म्हणून हेड ट्यूबच्या आतून डाउन ट्यूबमध्ये उघडणारं जे छोटं भोक असतं त्यातून बारीक टॉर्च घालून बघितलं, तर आत सगळी पांढुरकी राखाडी खपली. इथे एक फ्रेम बनवणारे गृहस्थ आहेत त्यांना नेऊन दाखवली, त्यांनी आत एकदा बघितलं आणि म्हणाले हिच्यावर बसूसुद्धा नकोस.

विकणाऱ्याला हे माहीत होतं. स्टिकर बरोबर त्याच जागी लावला होता. चुकून वेगळी फ्रेम आली असं म्हणायला जागाच नाही, आणि याचाच मला जास्त राग आहे, पैसे गेले ते एक वेळ ठीक, पण समोरच्याचं तोंड रस्त्यावर फुटू शकतं हे माहीत असून खोकं पॅक केलं.

पैसे अजून मिळालेले नाहीत. त्या पद्धतीने पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण नसतं, हे तक्रार केल्यावर अगदी सभ्य भाषेत कळवण्यात आलं. विक्रेत्याने आधी उत्तरं दिली, स्टिकरखालचा फोटो पाठवल्यावर बंद झाला. पोलिसांत तक्रार नोंदवली आहे.

नावावर जाऊ नका असं सांगतेय तर आणखी एक, टायटॅनियममध्ये नाव आणि बनवणारा वेगळा असणं नेहमीचं आहे आणि ती फसवणूक नसते. प्रसिद्ध सायकलपटू एडी मर्क्सच्या नावाच्या टायटॅनियम फ्रेम टेनेसीत लाइटस्पीड या कंपनीने बनवलेल्या आहेत, उत्तम आहेत. आणि सत्तरच्या दशकातल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची स्पीडवेल, जी १९७३ च्या टूर द फ्रान्समध्ये सायकलपटू लुइस ओकान्याने डोंगरात वापरली, किंवा कॅलिफोर्नियाची टेलिडाइन टायटन, या मिश्रण नसलेल्या शुद्ध टायटॅनियमच्या आहेत. टेलिडाइन तर तुटण्यासाठीच प्रसिद्ध, त्यामुळे ती "रोज चालवतो, एकदम मजबूत" म्हणून कोणी विकत असेल तर आधी प्रत्येक सांध्याचा जवळून फोटो मागा. लोहचुंबक लावून दाखवला याने काही सिद्ध होत नाही, अॅल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही.

मागायचे फोटो हे: सिरीयल नंबर, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून, हेड ट्यूबच्या भोकावर व्हर्नियर लावलेला, हेड ट्यूबपाशी डाउन ट्यूबची खालची बाजू, आणि सीट ट्यूबमधून टॉर्च मारून आतलं. खरा मालक कंटाळेल, पण पाठवेल. पैसे फक्त कार्डने किंवा समोरासमोर.

माझ्या जाहिरातीतलेच फोटो आता दुसऱ्या नावाने परत लागलेत, मी तिथे कळवलंय पण अजून काढलेले नाहीत. पांढरं गॅरेजचं दार, त्याला टेकवलेली फ्रेम, डाव्या कोपऱ्यात लाल रंगाचा फ्लोअर पंप. हे फोटो दिसले तर पैसे पाठवू नका, आणि जमलं तर तुम्हीही रिपोर्ट करा.