गड्ड्यातला एक फोटो आणि गिम्प : पोर्ट्रेटला ग्लो द्यायचाय पण माणूस गोरा नाही करायचा

यंदाच्या गड्ड्यात, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, माझ्या आत्तेभावानं पहिल्यांदाच बाराबंदी (बंदांनी बांधायचा पांढरा पारंपरिक अंगरखा) घातली. संध्याकाळी होम मैदानावर त्याला उभं केलं, मागं आकाशपाळण्याचे लाइट, अंगावर पांढरीशुभ्र बाराबंदी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि फोटो काढला. फोटो चांगलाच आला होता पण त्याला पाहिजे होता तो इन्स्टावर चालतो तसला लूक, म्हणजे चेहऱ्यावर नारंगी ऊब, सावल्या निळसर-हिरवट, आणि मागच्या प्रत्येक लाइटभोवती मऊ लालसर वलय. म्हणाला "दादा, असंच करून दे की". मी म्हटलं देतो.

आधी एका फुकटच्या मोबाइल ॲपवर टाकला, नाव घेत नाही. एक बटण दाबलं आणि ग्लो आला, पण आत्यानं फोटो बघितला आणि विचारलं, "हा कोण रे? विभूती कुठं गेली ह्याची?" नीट बघितलं तर खरंच कपाळ गुळगुळीत, तीन पट्ट्यांपैकी एकही शिल्लक नाही. ॲप त्वचा साफ करताना चेहऱ्यावरचा बारीक फरक शोधून सपाट करतं, त्याला मुरुम कळतो, डाग कळतो, विभूती कळत नाही. वर पोरगा दोन शेड गोरा केलेला. आमच्या घरात सगळे सावळे आहेत, तोही सावळा आहे आणि तसाच देखणा दिसतो, आणि कुणी न विचारता त्याचा रंग बदलून द्यावा हे मला अजिबात पटलं नाही. एका स्टुडिओतही विचारलं, तिथं दाखवलेल्या सॅम्पलमध्ये सगळेच चेहरे एकसारखे गुलाबी-गोरे होते, म्हणून तो नाद सोडला.

मग लॅपटॉपवर गिम्प हे फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर टाकलं. गेले काही आठवडे त्यावरच बसलोय आणि हा रिव्ह्यू त्याचाच आहे, पण सगळ्या गिम्पचा नाही, फक्त पोर्ट्रेटला ग्लो आणि कलर देण्यापुरता.

माहीत नसेल त्यांच्यासाठी, गिम्प १९९६ पासून आहे, पूर्ण फुकट, महिन्याचं भाडं नाही, वॉटरमार्क नाही, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं. मार्च २०२५ मध्ये ३.० व्हर्जन आलं आणि माझ्या मते आत्ता खरा वापरण्यासारखा झालाय, कारण आधी ब्लर मारला की तो पक्का व्हायचा, चुकला तर अंडू करत मागं जावं लागायचं. आता ब्लर, कर्व्ह्ज (उजेड-अंधार कमीजास्त करायचं टूल), कलर बॅलन्स हे सगळं लेयरवर, म्हणजे फोटोच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एकावर, फिल्टर म्हणून लागून राहतं, लेयरच्या नावाशेजारी एफएक्सचं चिन्ह येतं, त्यावर क्लिक करून दुसऱ्या दिवशी पण आकडा बदलता येतो. ग्लोच्या कामात हे फार महत्त्वाचं आहे, कारण रात्री बसून केलेला ग्लो सकाळी बघितला की हमखास जास्त वाटतो.

आता मुद्द्यावर येतो. ग्लो म्हणजे काय तर त्याच फोटोची एक धूसर कॉपी वर ठेवायची. हे कॉम्प्युटरच्या आधीपासून चालत आलंय, कॅनडाचे फोटोग्राफर मायकेल ऑर्टन १९८० च्या दशकात एकाच दृश्याच्या दोन स्लाइड काढायचे, एक शार्प आणि एक आउट ऑफ फोकस, आणि दोन्ही एकावर एक ठेवायचे. दोन स्लाइडमधून उजेड जाताना अंधार वाढतो म्हणून मुळात दोन्ही जास्त उजेडाच्या काढायच्या. गिम्पमध्ये लेयरची कॉपी करा, तिला गॉशियन ब्लर द्या, मोड (वरचा लेयर खालच्यात कसा मिसळायचा ते) स्क्रीन करा, ओपॅसिटी (तो किती ठळक दिसावा ते) ३० ते ४० ठेवा, झालं.

आणि इथंच सगळे फसतात, मीही पहिल्या दिवशी फसलो. स्क्रीन मोड कधीच काळं करत नाही, तो फक्त उजळ करतो. म्हणजे लाइटभोवती वलय आलं तसं गालावर पण उजेड चढला, कपाळावर चढला, आणि पोरगा परत गोरा झाला! त्या ॲपनं जे केलं तेच मी हातानं केलं. उपाय असा की वरच्या धूसर कॉपीला ब्लरच्या आधी कर्व्ह्ज लावायचे आणि खालचा भाग इतका दाबायचा की गाल, मान, हात सगळं काळं पडेल आणि फक्त आकाशपाळण्याचे दिवे आणि बाराबंदीचा उजळ भाग शिल्लक राहील. काळ्या जागी स्क्रीन काहीच करत नाही, त्यामुळं खालच्या चेहऱ्याला धक्का लागत नाही. हे एक कळलं की अर्धं काम झालं. ब्लर किती द्यायचा तर मी फोटोच्या लांब बाजूच्या एक टक्का धरतो, माझा फोटो ६००० पिक्सेलचा होता म्हणून ६०. व्हॉट्सॲपवरून आलेल्या छोट्या फोटोला तेच ६० दिलं तर नुसतं धुकं होतं.

बाराबंदीनं मात्र वेळ खाल्ला. पांढरं कापड आधीच उजळ, त्यावर ग्लो चढला की छातीवरच्या बंदांच्या गाठी, चुण्या, कापडाचा पोत सगळं एकच पांढरा गोळा होतं. आणि आपण सोलापूरचे, घरोघरी चादर आणि टॉवेल विणणारी माणसं, आपल्याकडं कुणी फोटोत कापडाचा पोत घालवला तर पहिल्यांदा तेच दिसतं. ग्लोच्या लेयरला लेयर मास्क लावला (त्यावर काळं रंगवलं की लेयरचा तेवढा भाग लपतो), मऊ ब्रश घेतला, काळा रंग, ब्रशची ओपॅसिटी २०, आणि प्रत्येक गाठीवरून तीन-चार वेळा हळूहळू फिरवला. खांद्याच्या कडेला ग्लो ठेवला, छातीवरचा काढला. मग गाठीचा पीळ दिसायला लागला, आणि कडेनं उजेड सांडल्यासारखा पण वाटतोय. ह्या एका कामाला दीड तास गेला आणि मला एक मिनिट पण वाया गेलं असं वाटलं नाही.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. मागचं आकाश काळसर निळं होतं, त्यावर ब्लर पसरला की पट्टे दिसायला लागतात, पाण्यात तेल टाकल्यासारखी कड्यावर कडी. ते ८ बिटमुळं होतं, एका रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात आणि इतका हळू उतार त्यात बसत नाही. म्हणून सुरुवातीलाच इमेज मेन्यूत जाऊन ३२ बिट करून घ्या, शेवटी परत ८ बिटवर आणताना डिदरिंग (पट्टे मोडायला बारीक ठिपके मिसळणं) चालू ठेवा. जुना लॅपटॉप असेल तर ३२ बिटमध्ये तो दमतो, मेमरी जास्त लागते, तिथं १६ वर पण काम होतं.

लाल वलयाची गंमत वेगळी आहे. ते फिल्मवरून आलंय. कलर फिल्ममध्ये लाल उजेड पकडणारा थर सगळ्यात खाली असतो. जोरदार उजेड सगळे थर पार करून मागच्या प्लास्टिकवरून परत उसळतो, आणि परत येताना पहिल्यांदा त्या लाल थरालाच लागतो, म्हणून दिव्याभोवती लालसर कडा. हे होऊ नये म्हणून सिनेमाच्या फिल्मच्या पाठीला काळा लेप असायचा. सिनेस्टिल ८०० टी ही फिल्म म्हणजे कोडॅकची सिनेमाची फिल्म तो लेप काढून विकलेली, म्हणून तिच्यात हे वलय इतकं ठळक दिसतं आणि आजचा सगळा ट्रेंड तिथूनच आलाय. गिम्पमध्ये अजून एक कॉपी घ्या, कर्व्ह्जनं फक्त दिवे ठेवा, कलराइजनं लाल-नारंगी करा, ब्लर पहिल्यापेक्षा दुप्पट, मोड स्क्रीन, ओपॅसिटी २५. पाळण्याच्या बल्बभोवती जे आलंय ते बघून आत्तेभाऊ पाच मिनिटं काही बोललाच नाही.

आता कलर. नारंगी चेहरा आणि निळसर-हिरवी सावली हे जुळतं कारण रंगचक्रात ते समोरासमोर येतात. आणि माणसाची त्वचा गोरी असो सावळी असो, तिचा मूळ रंग नारंगीच्या एका छोट्या पट्ट्यातच येतो, फरक मुख्यतः उजळपणाचा आणि रंग किती गडद त्याचा. म्हणून कलर ग्रेडला कुणाला गोरं करायची काहीच गरज नसते! कलर बॅलन्समध्ये शॅडोज निवडून सायन आणि ब्लूकडं १०-१२, हायलाइट्समध्ये रेड आणि यलोकडं ८-१०, आणि प्रिझर्व्ह ल्युमिनॉसिटी (उजळपणा तसाच ठेवणं) चालू. मी गालावर कलर पिकर ठेवून आधी आकडा बघितला होता, ह्यू (रंगचक्रावरची जागा, अंशात) २२ होता, ग्रेडनंतर ३१ झाला, म्हणजे पोरगा कावीळ झाल्यासारखा पिवळा. यलो कमी करत २४ वर आणला तेव्हा तो परत आमच्या घरातला दिसायला लागला. डोळा अर्ध्या तासात सवयीचा होतो, आकडा होत नाही, त्यामुळं हे करून बघाच.

घाई असेल तर तयार फिल्टर पण आहेत. सॉफ्टग्लो आर्टिस्टिकमध्ये मिळतो पण तो सगळ्या फोटोवर चढतो, सावळ्या चेहऱ्याला मी वापरणार नाही. ब्लूम चांगला आहे, लाइट अँड शॅडोमध्ये, त्यात थ्रेशोल्ड आहे म्हणजे ठराविक उजेडाच्या वरच ग्लो लागतो. लग्नाचे शंभर फोटो असतील तर ब्लूम लावा. असा एकच जिवाचा फोटो असेल तर हातानं करा.

कमी काय आहे ते पण सांगतो. मोबाइलवर गिम्पचं अधिकृत ॲप नाही, त्या नावाचं काही दिसलं तर घेऊ नका, gimp.org वरूनच लॅपटॉपवर उतरवा. स्पेलिंगमुळं सगळे जिम्प म्हणतात, उच्चार गिम्प. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाइल) थेट उघडत नाही, आधी डार्कटेबल किंवा रॉथेरपी पाहिजे, ते पण फुकटच आहेत. आणि पहिले दोन-तीन दिवस मेन्यूत काय कुठं आहे हे शोधण्यात जातात, त्याला इलाज नाही. देवनागरी मात्र नीट येतं, फोटोखाली जोडाक्षरं न तुटता नाव लिहिता आलं.

प्रिंटचं शेवटचं. स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागद टाकत नाही, त्यामुळं सावळा चेहरा प्रिंटमध्ये अजून काळपट येतो आणि लॅबवाले मग स्वतःहून उजळ करून देतात. नवी पेठेत दिला तेव्हा आधी ४ बाय ६ चा एक नमुना काढून घेतला, "कलर करेक्शन करू नका" असं लिहून दिलं, घरी आणून मधला कर्व्ह जरासा वर केला, आणि मग १२ बाय १८ मॅटवर काढला. चकचकीत कागदावर ग्लोचा मऊपणा जातो, मॅटच घ्या. आत्यानं तो देवघराशेजारच्या भिंतीला लावलाय. विभूतीचे तिन्ही पट्टे दारातून दिसतात.