वेंटेची शार्डोने: वर्षभराच्या वापरानंतर (उन्हाळ्यात घरपोच मागवण्याआधी वाचा)

शार्डोने म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षांची पांढरी वाइन, आणि वेंटे हे कॅलिफोर्नियातलं ती बनवणारं कुटुंब. माझे चार तारे. पाचवा कुरियरमुळे गेला, आणि त्यावर सविस्तर लिहितेय, कारण बे एरियातले (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे) आपले बरेच लोक दिवाळीच्या आधी ऑनलाइन खोका मागवतात.

मागच्या सप्टेंबरात उष्णतेची लाट आली होती, तेव्हा एका ऑनलाइन दुकानातून ‘मॉर्निंग फॉग’ आणि ‘रिव्हा रँच’ या वेंटेंच्या दोन शार्डोनेंच्या बाटल्या मागवल्या. वाइन असल्यामुळे २१ वर्षांवरच्या माणसाची सही लागते. आम्ही दोघंही ऑफिसात. खोका परत गाडीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला आणि त्या गाडीच्या मागच्या भागात एसी नाही. अखेर खोका हातात आला तेव्हा एका बाटलीच्या मानेवरून चिकट ओघळ आला होता. उघडली तर ताजेपणा पार गेलेला, उकडलेल्या सफरचंदासारखी चव. कुरियर म्हणे पाठवणाऱ्याशी बोला, दुकान म्हणे कुरियरशी बोला. महिनाभर मेलामेली करून अर्धे पैसे मिळाले, तेही पुढच्या खरेदीत वळते करून. मला राग पैशांचा आहेच, पण त्याहून जास्त मालाचा आहे. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागायतदाराचं. वर्षभर राबून पिकवलेला माल वाहतुकीत खराब होणं म्हणजे काय, हे मी लहानपणापासून पाहिलंय.

मग ठरवलं, जाऊन आणायची. फ्रीमाँटहून सनोलवरून ८४ नंबरच्या रस्त्याने लिव्हरमोर फार लांब नाही. टेस्ला रोडवर वेंटेंची वायनरी आहे, आणि तिथे गेल्यावर या बाटलीबद्दलचं माझं मतच बदललं.

कार्ल वेंटे जर्मनीतून आले, कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात चार्ल्स क्रुग या वाइन बनवणाऱ्यांकडे काम शिकले आणि १८८३ मध्ये त्यांनी लिव्हरमोरला पन्नासेक एकर जमीन घेतली. आज पाचवी पिढी बघतेय. आपल्याकडे तिसऱ्या पिढीत बागेच्या वाटण्या होऊन बांधावरून कोर्टकचेऱ्या सुरू होतात, म्हणून मला याचं फार अप्रूप वाटतं. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत अनेक वायनऱ्या कायमच्या बंद पडल्या. यांनी चर्चच्या विधींसाठी लागणाऱ्या वाइनवर दिवस काढले, पण वेली उपटल्या नाहीत. त्याआधी १९१२ मध्ये कार्लचे चिरंजीव अर्नेस्ट यांनी फ्रान्समधल्या माँपेलिएहून शार्डोनेच्या काड्या मागवल्या होत्या. बंदी उठल्यावर १९३६ मध्ये लेबलवर ‘शार्डोने’ असं जातीचं नाव छापलेली अमेरिकेतली पहिली बाटली यांचीच. पुढे याच बागेतल्या निवडक वेलींवर यूसी डेव्हिस या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात काम झालं आणि ते वाण कॅलिफोर्नियाभर पसरलं. तुम्ही कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या कुणाची शार्डोने पीत असाल, तरी ती वेल बहुधा मूळची इथलीच.

आता बागायतदारांसाठी. या जुन्या वाणाच्या घडात मोठ्या मण्यांच्या मध्ये बारीक बारीक मणी असतात. आपल्या भाषेत शॉट बेरी. आमच्याकडे असा घड दिसला की बाबा कात्री लावायचे, एक्स्पोर्टचा माल नाकारला जाईल म्हणून. इथे हेच मणी हवे असतात! लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून चव दाट उतरते. आपल्या एप्रिलच्या खरड (फळ काढल्यावरच्या) आणि ऑक्टोबरच्या गोड्या (फळासाठीच्या) छाटणीऐवजी इथे एकच छाटणी, कारण वेल थंडीत पूर्ण झोपते. हिवाळ्यात दोन ओळींच्या मधली माती उघडी नसते, हिरवळीचं पीक असतं. ते तिथेच मुरवतात, सोबत कंपोस्ट. शिवाय ठिबक. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात शाश्वत वाइनशेतीची प्रमाणपत्रं सुरू झाली, तेव्हा ती मिळवणाऱ्या पहिल्या काही वायनऱ्यांमध्ये हे होते.

पण माझ्या मते खरी शाश्वतता जमीन राखण्यात आहे. सिलिकॉन व्हॅलीची घरं सरकत लिव्हरमोरपर्यंत आली होती. १९९३ मध्ये दक्षिण लिव्हरमोरसाठी आराखडा झाला, त्यात चौथ्या पिढीतल्या कॅरोलिन वेंटे यांचा मोठा वाटा. इथे घरं बांधायची तर बदल्यात शेतजमीन कायमची राखून ठेवावी लागते. नाशिकच्या गंगापूर रोडला बागांच्या जागी टॉवर उभे राहताना पाहिलेल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

चवीचं थोडक्यात. ‘मॉर्निंग फॉग’ हलकी, रोजच्या जेवणाला चालते, सुरमईच्या तव्यावरच्या तुकडीबरोबर छान. ‘रिव्हा रँच’ची द्राक्षं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडच्या मॉन्टेरे भागातल्या अरोयो सेकोतली. सुरुवातीला मी म्हणत होते, सात-आठ डॉलर जास्त कशाला द्यायचे? आता पाहुणे असले की तीच काढते. फ्रिजमधून काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, एकदम गार असली तर ओकच्या पिंपाची चव लागतच नाही.

मे ते ऑक्टोबर कुरियरने मागवू नका. स्वतः गेलात तर डिकीत आइसबॉक्स न्या आणि वाटेत दुसरी कामं काढू नका, बंद गाडी अर्ध्या तासात तापते. थंडीत मागवायला हरकत नाही, पण पत्ता असा द्या जिथे दिवसा सही करायला कुणीतरी असेल.