गुडघ्याचं ऑपरेशन फर्स्ट क्लास, रात्रीचा वॉर्ड मात्र रामभरोसे

उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट इथेच इंदूरला एका प्रायव्हेट हॉस्पिटलमधे करून घेतलं. नाव लिहीत नाही, फॉलोअपला अजून तिथेच जायचंय! सर्जनबद्दल शब्द काढायला जागा नाही, टाका एकदम साफ, आणि बिलात इम्प्लांटची कंपनी, बॅच नंबर, किंमत सगळं वेगळं लिहून दिलं. 2017 मधे सरकारनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला लगाम घातला तेव्हापासून हे द्यावंच लागतं, तरी मागून घ्या.

पण ऑपरेशन दोन तासांचं, पुढे राहायचं वॉर्डात, आणि तिथली गोष्ट निराळी.

दिवसा काही बोलायची सोय नाही. फिजिओवाली मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळीच वॉकर घेऊन हजर, मी म्हटलं अगं बाई आज नको तर म्हणे आंटी आज नहीं तो कल और दुखेगा, आणि उभं केलंच. झोपल्या झोपल्या पाऊल वर-खाली करायला तिनंच शिकवलं, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, त्यासाठीच पोटात रोज एक इंजेक्शन पण असतं. सकाळच्या सिस्टर झाबुआकडच्या, हात इतका हलका की सुई कळायची नाही.

रात्री मात्र विचारू नका. संध्याकाळपर्यंत मांडीतल्या ब्लॉकमुळे (नस बधिर करायचं इंजेक्शन) पाय सुन्न असतो म्हणून आपल्याला वाटतं अरे काहीच नाही हे, आणि मग मध्यरात्रीनंतर तो उतरला की देव आठवतात. बेल पलंगाच्या मागे भिंतीला, ऑपरेशनवाल्या माणसानं वळून दाबायची कशी ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. सूनबाईंनी उठून दाबली तर काउंटरवर दिवा लागतो पण तिथे बसलेलंच कोणी नाही, अख्ख्या मजल्याला एक सिस्टर आणि ती दुसऱ्या टोकाला कोणाचं सलाईन बघत होती. तिला तरी काय बोलणार, धावत होती बिचारी. पण वेदनेची गोळी लिहिलेल्या वेळेपेक्षा खूप उशिरा मिळाली, आणि सकाळी मुलानं चार्ट बघितला तर रात्रभर दर तासाला दुखणं दोन, दोन, दोन, एकाच पेनानं, एकाच दमात लिहिलेलं. दहापैकी किती दुखतंय हे मला एकदाही कोणी विचारलं नाही हो! बेडपॅनसाठी वॉर्डवाल्या बाईची वाट बघण्यात जे हाल झाले ते इथे लिहीत नाही.

जेवण ठीक, दलिया, मूग डाळीची खिचडी, पपई. पण मला शुगर आहे हे फाइलवर लाल पेनानं लिहिलेलं असताना सकाळी साखरेचा चहा! राजेंद्रनगरहून नणंदबाई पोहे घेऊन आल्या त्यावर शेव, जिरावन सगळं होतं, ते वॉर्डबॉयनं गेटवरच अडवले, एवढा नियम मात्र बरोबर पाळतात.

डिस्चार्जला कॅशलेस असेल तर एक लक्षात ठेवा. हॉस्पिटलकडून रिक्वेस्ट गेल्यापासून तीन तासांत इन्शुरन्स कंपनीनं अंतिम मंजुरी द्यायची असा 2024 चा नियम आहे, उशिरामुळे हॉस्पिटलनं जादा पैसे लावले तर तेही कंपनीच्या अंगावर. आमच्याकडे टीपीए डेस्कवर (हॉस्पिटलातलं इन्शुरन्सचे कागद बघणारं काउंटर) फाइलच दुपारपर्यंत पडून होती, मुलानं रिक्वेस्ट कधी पाठवली ती वेळ दाखवा म्हटल्यावर हालली.

जाणार असाल तर पहिल्या दोन रात्री घरचं दणकट माणूस पाहिजेच, म्हातारा नवरा चालत नाही (आमचे हे माझ्या आधी घोरायला लागले). गोळ्यांच्या वेळा सिस्टरकडून कागदावर उतरवून घ्या, आणि बेलची वायर पलंगापर्यंत येते का ते ॲडमिट होतानाच बघा.

ऑपरेशन आणि फिजिओला पाच स्टार, रात्रीला दोन, तेही त्या धावणाऱ्या सिस्टरमुळे. डावा गुडघा पण करायचाच आहे, सर्जन हेच, पण रात्रीची आया आधीच बाहेरून ठरवून ठेवणार.